सायकलींचं स्टँड

उद्यमनगरात मुल्लाणीच्या शेडमध्ये
मी कागदावर काढून दाखवतो:
टेम्पोच्या पाठीला दोन पट्ट्या, दोन आकडे, खाली पन्हळ,
तीत उभ्या राहतील दोन सायकली.
बाबालाल चष्मा कपाळावर सरकवतो.
"मामा, सायकल भाईर कशाला टांगायची?
आत टाका की. जागा हाय."

तिकडच्या गाडीत नव्हती, ते त्याला कसं सांगू.
आत शेगडी, पलंग, वीतभर बेसिन,
आणि चौथ्या दिवशी सगळ्या चादरींना लागलेला
कांदा-लसूण चटणीचा वास.
लेकीनं भाड्यानं घेऊन दिलेली ती घरगाडी,
झीलंडपासून वर, समुद्राच्या कडेकडेनं, अकरा दिवस.
मी साठच्या वर काटा नेला नाही.
रस्त्याची बाजू उलटी, म्हणून वनमाला
प्रत्येक वळणावर म्हणायची,
"जेवायचा हात. जेवायचा हात."

सकाळी सायकली खाली उतरायच्या.
चढ कुठंच नाही, तरी दम लागायचा.
तिकडं चढ वाऱ्याचा.
पन्हाळ्याचा रस्ता एकदा चढला की संपतो,
हा संपत नाही.
परतीला पाठीशी असेल म्हणून हिशेब करून ठेवावा
तर परतीलाही तोंडावरच.
सत्तरीची एक बाई मागून आली, घंटी वाजवली,
टोपलीत पाव आणि कुत्रं घेऊन पुढं निघूनही गेली.
वनमाला हसली नाही. तिनं दात आवळले.
साठाव्या वर्षी शिकली ती सायकल,
रंकाळ्यावर, पहाटे पाचला, कुणी बघू नये म्हणून.

एका संध्याकाळी बांधावर चढलो, सायकली हातात धरून.
डावीकडं समुद्र.
उजवीकडं गायी, घरं, एका खिडकीत दिवा.
फौंड्रीसाठी लाकडी साचे करण्यात माझी हयात गेली,
पातळी मला नजरेनं कळते.
गायीच्या पाठीच्या वर,
दिव्याच्याही वर
पाणी उभं होतं,
आणि गाय रवंथ करत होती.

वनमालानं हात पुढं केला, छातीच्या उंचीला, तळवा खाली,
मग जरा वर नेला.
कुंभार गल्लीतल्या आमच्या खिडकीचा तिसरा गज.
एकोणीस साली तिथवर आलं होतं.
आठवडाभर राहिलं, आणि जाताना
तिचं शिवणयंत्र गंजवून गेलं.
दोनदा रंग दिला भिंतीला. रेघ वर येते.

"ह्यांना झोप लागते?" तिनं विचारलं.
खाली त्या खिडकीत कुणीतरी ताटं मांडत होतं.
लोकांच्या घरात असं बघू नये.
आम्ही बघत राहिलो.

"जाणार कुठं पण, मामा?"
गगनबावडा उतरून देवगड, मग किनाऱ्यानं वर,
जमेल तिथवर.
"बरं. जमिनीपासनं किती उंचीवर लावू?"
मी टेप शोधतो.
स्टुलावर बसलेली वनमाला उठते,
टेम्पोच्या पाठीशी उभी राहते,
हात आडवा धरते,
मग जरा वर.
"एवढं वर?" म्हणत
बाबालाल पत्र्यावर खडूनं रेघ मारतो.