आडवी

वड्याच्या पल्याड कागल तालुका.
तिकडं बायकांनी मतं टाकली.
चिठ्ठीवर दोन बाटल्या छापलेल्या,
एक उभी, एक आडवी.
माझ्या नणंदेनं आडवीवर शिक्का मारला
आणि म्हैन्याभरात गुत्त्याला कुलूप लागलं.
गुडघाभर पाण्यात उभी राहून, धुणं तसंच टाकून,
तिनं मला वरडून सांगितलं.

आमच्या कायद्यात आडवी बाटली न्हाई.
मी निपाणीला जाऊन इचारून आलो.
(आलो, गेलो, लिहितो. आमच्यातल्या बायका असंच बोलत्यात.
बाईपण क्रियापदात ठेवायला सवड कुणाला?)
आमच्यात बाटली उभीच.
माणूस तेवढा आडवा.

तर मी अर्जी लिहितो.
घर मराठी, शाळा कानडी, सातवीपतोर,
म्हणून दोन्ही अक्षरं हाताला लागली.
जैबूननं विड्यांच्या सुपावर कागद ठेवून अंगठा दिला.
शाईच्या आधी तंबाखू उठला.

पयली अर्जी मराठीत.
क्लार्क म्हणाला, कानडीत आणा.
कानडीत नेली.
म्हणाला, नाळे बर्री.
उद्या या.
उद्या गेलो तर सायब बंदोबस्ताला.
सीमेचा दिवस हुता,
इकडनं झेंडे, तिकडनं झेंडे,
आमी कुठल्या राज्यातल्या, ह्येचं भांडण आमच्या डोक्यावरनं चाललेलं.
आमाला इचारलं असतं तर सांगितलं असतं,
पगाराच्या दिवशी सांजंला
आमी कुठल्याच राज्यात नसतो.

गुत्तेवाल्याला मातर कुणी भाषा इचारली न्हाई.
त्येच्या पाटीवर नुस्ता लायसनचा आकडा.
आकडा दोन्ही सरकारांना वाचता येतो.

नाळे बर्री. नाळे बर्री.
एकदा कचेरीच्या पायरीवर रेणव्वा हसाय लागली,
थांबंना.
ती गोकाकाकडची. तिच्या आजीच्या गावात म्हणं
दारावर लिहायचे, नाळे बा.
रातीला भूत यायचं, आईच्या आवाजात हाक मारायचं,
दार उघडलं की खेळ खलास.
पण भूत अक्षर वाचायचं. माघारी जायचं.
दुसऱ्या राती परत यायचं, परत वाचायचं.
"म्हंजे आमी भुतं गं," रेणव्वा म्हणाली,
"सायबानं दारावर लिवलंय."
सोनाक्का म्हणाली, बेस झालं,
भुताला फारमात नवऱ्याचं नाव इचारत न्हाईत.

त्याच राती शेणकुटाची राख, गेरू आणि एक जुना बुरूस.
गुत्त्याच्या शटरवर मी लिहिलं, नाळे बा.
कानडी अक्षर जात्यावानी फिरतं,
हात उचलावा लागत न्हाई.
खाली मराठीत, उद्या या.
त्येच्या खाली मी बाटली काढली.
आडवी.

सकाळी नवाला जीप.
दोन पोलीस, एक पोलीसबाई, चुन्याची बादली.
बाराच्या आत शटर पांढरं.
अर्जीला अकरा म्हैने, चुन्याला तीन तास.
वाचता येतंय म्हणायचं सरकारला.
पोलीसबाई बुरूस फिरवता फिरवता थांबली,
हळूच म्हणाली, मराठीतच,
ही बाटली हाय का निजलेलं पोर?
मी म्हटलं, मला चित्र येत न्हाई, बाई.
तिनं त्येवढा तुकडा शेवटाला पुसला.

आता चौदाजणींच्या नावानं कागद आलाय.
उद्या ठाण्यात या.
साडेधा वाजता.
या खेपंला उद्याला येळ बी लिहिलीय.

वड्याच्या पल्याडनं नणंद इचारती, काय झालं?
मी हात हलवतो, मग सांगतो.
उद्याचा रोज बुडणार,
म्हणून आज दिव्याखाली पानं भिजवून बसलोय समद्या.
जैबूनच्या हजार झाल्या.
माझ्या सहाशे.
रेणव्वा वळता वळता मधीच दाराकडं बघती
आणि हसती.