कठडा

सेमारंगहून कोटेशन आलं, तीन रकान्यांचं.
एक्स वर्क्स, एफओबी, सीआयएफ.
तळाशी इबू सुहार्तीची एक ओळ:
तुम्ही सांगाल तसं.

आमच्या रावपुऱ्यातल्या दुकानात
आजवर अट एकच.
आबा म्हणायचे, खुर्ची गिऱ्हाइकाच्या घरी पोचून
तिच्यावर कुणी टेकेपर्यंत
ती आपली.

नंदन म्हणाला, ताई, सीआयएफच घे ना,
भाडं त्यांचं, विमा त्यांचा,
आपण नुसतं हजिऱ्याला हात पसरून उभं राहायचं.

मागच्या खेपेला तसेच उभे होतो.
छत्तीस खुर्च्या, त्यातल्या अठरांच्या पाठीवर बुरशी,
हिरवट, मऊ,
जणू कुणी हौसेनं मखमल लावून दिली.
विम्याच्या कागदात आग होती,
टक्कर होती, जहाज बुडणंही होतं.
घाम नव्हता.
बंद कंटेनरला आतून घाम फुटतो
हे मला त्या दिवशी कळलं,
आणि हेही, की स्वस्त भाड्याचं बिल
इकडच्या धक्क्यावर वेगळ्या नावांनी येतं.

दशरथच्या डेपोबाहेर
जशुभाईंनी सेव उसळीच्या तरीत बोट बुडवून
स्टीलच्या टेबलावर लाल रेघ ओढली.
आ वहाणनो कठेडो, बेन.
पावाचा तुकडा रेघेवरून पलीकडे सरकवला.
इथून इथं आला की तुमचा.
एफओबी म्हणा, सीआयएफ म्हणा,
भाडं कोण भरतंय ते विसरा.
पैसे एकाचे, काळजी दुसऱ्याची.

मग हसले.
नव्या पुस्तकात कठडा राहिलेला नाही म्हणे.
आणि डब्यातल्या मालाला तर ही अटच लागू नये,
ती सुट्या गोण्यांच्या दिवसांतली.
पण सगळे तीच लिहितात.
पावाचा तुकडा त्यांनी खाऊन टाकला.
रेघ तशीच राहिली, कडेनं वाळत.

मी एफओबी लिहिलं.
जहाज माझं, विमा माझा,
विम्यात घाम वेगळा लिहून घेतला,
डब्यात ओल पिणाऱ्या पिशव्या टांगायला सांगितल्या.
नंदन दोन दिवस बोलला नाही.

रात्री सव्वादोनला फोन उजळला.
तिकडे पावणेचार.
इबूच्या मुलानं फोटो पाठवला होता,
क्रेनच्या दिव्यात एक निळा डबा,
खाली पाणी, की नुसता काळोख, कळत नव्हतं.
पुढच्या फोटोत डबा नव्हता.
म्हणजे मधल्या कुठल्यातरी क्षणी
चाळीस सागवानी खुर्च्या माझ्या झाल्या,
आणि मी माठातलं पाणी ओतून घेत होते.
आवाज कसलाच झाला नाही.

सव्वीस दिवस मी हवामान पाहिलं
ज्यांची नावंही नीट उच्चारता येत नाहीत
अशा समुद्रांचं.

सिंगापूरला उतरला, चढला,
हजिरा, दशरथ, सही, शिक्का, पुन्हा सही,
आणि दुपारी चारला टेम्पो
दुकानासमोर तिरका उभा, मागे हॉर्नची रांग.
डबा कोरडा निघाला. लाकडाला लाकडाचाच वास.
नंदननं पहिल्याच खुर्चीची पाठ हुंगली
आणि माझ्याकडे पाहिलं नाही.

एकोणचाळीस आत गेल्या.
चाळिसावी उंबऱ्यावर जराशी फिरली,
आणि चौकट नि पाय यांच्यामध्ये
मेलाभाईचा अंगठा.

तो ओरडला नाही. आधी खुर्ची खाली ठेवली,
पायावरून तळवा फिरवून पाहिलं,
म्हणाला, खुरशीने कंई नथी थयुं, बेन.

नख डोळ्यांदेखत काळं पडत होतं.

अटी अकरा आहेत. सगळ्या मला पाठ आहेत.
खर्च कुठे थांबतो, जोखीम कुठे उतरते,
कोण चढवतो, कोण उतरवतो,
हे प्रत्येकीत लिहिलेलं आहे.

समोरच्या सरबतवाल्याकडून बर्फ आणला.
फोनवर इबू विचारत होती,
सगळं सुखरूप पोचलं का?
मेलाभाई उभाच होता, अंगठा पेल्यात बुडवून.
बस, म्हटलं.
कपडे मळकेत, म्हणाला.
बस.

तो टेकला, अगदी काठावर.