अडतीस माणसांचं ट्रायफल

वहीचं पान लोण्यानं पारदर्शक झालंय,
त्यातून मागच्या पानावरचं मटण दिसतं.
वर तुमचं बोटीवरचं अक्षर,
हलत्या टेबलावरचं, उजवीकडे कललेलं:
ट्रायफल. माणसं अडतीस.
शेरी चार पेले. ब्रँडी, हात म्हणेल तितकी.
जेली घालायची नाही. जेली म्हणजे पोरांची समजूत.

अडतीस माणसांचं एका माणसापुरतं करायला
गॅसच्या बिलामागे आकडेमोड केली.
अंडं आलं पाव.
पाव अंडं कसं फोडायचं
ते वहीत नाही.

नेरुळच्या वाइन शॉपसमोर
मेथीची पिशवी घेऊन अर्धा तास उभी होते,
रिक्षा बघतेय असं वाटावं म्हणून.
जाळीमागचा पोरगा म्हणाला, मावशी, मेडिकल पलीकडे.
म्हटलं, शेरी आहे का?
त्यानं आतल्याला विचारलं, आतल्यानं आणखी आतल्याला.
शेवटी धूळ पुसून पोर्ट वाइन निघाली
आणि ब्रँडीची चपटी बाटली.
मेथीखाली झाकून दोघींना घरी आणलं.

ब्रँडी मला एवढीच ठाऊक:
हेरंबच्या छातीला चोळली होती चमचाभर, डांग्या खोकल्यात,
आणि अठ्ठ्याऐंशी साली तुमच्या कोटाला येत होती.
सात महिन्यांनी आलात. दार उघडलं
आणि तुमच्याआधी माझे वडील आत शिरले,
त्यांच्या शिव्या, आईची फुटलेली बांगडी, सगळंच.
नऊ दिवस बोलले नाही.
उंबऱ्यात तुम्ही एवढंच म्हणालात, अगं, ट्रायफल होतं.
मला ते बाईचं नाव वाटलं.
दहाव्या दिवशी तोंड उघडलं ते अट घालायला:
या घरात थेंब येणार नाही.

नाही आला.
बोट सुटली, पेन्शन आली,
तुम्ही इथे शिरा केलात, खरवस केलात,
रविवारी तिसऱ्यांचं सुकं. चार पेल्यांचं नाव नाही.

कस्टर्ड बासुंदीच्याच जातीचं निघालं,
पाठ फिरवली की धरतं.
स्पंज बेकरीतून कालचा मागून घेतला.
वहीत आहे: शिळाच हवा, ताजा पितो आणि ढासळतो.
त्याखाली दोनदा ओळ मारून:
भिजला पाहिजे, बुडता कामा नये.
समुद्रावरच्या माणसानं लिहिलेलं हे वाक्य
मी तीनदा वाचलं, चष्मा काढून एकदा.

भांडं तेच, लिव्हरपूलचं,
ज्यात मी इतकी वर्षं सुटी बटणं ठेवली,
बंद पडलेली घड्याळं, हेरंबचे दुधाचे दात.
काचेचं का, ते आज कळलं:
थर बाहेरून दिसावेत म्हणून.

ब्रँडी ओतताना हात काही म्हणेना.
मग म्हणाला.

रात्रभर ठेवणे.
घाई केली तर थर एकमेकांना ओळखत नाहीत.
फ्रिज मधूनमधून हुंकार देत होता.
खाडीपलीकडे न्हाव्याशेव्याच्या क्रेनांचे दिवे,
कुणाची तरी बोट लागलेली.

सकाळी, आंघोळीआधीच, उभ्यानं खाल्लं.
गोड. मग घशाशी ऊब.
मग तो कोट.
बटणं लावलेला, दारात उभा,
आणि मी म्हणतेय, या, आत या, पाणी घ्या.

तुम्हाला हे आवडायचं
की नुसतं जमायचं?
वहीत नाही. सदतीस जण कुठे असतील त्यांना विचारावं
तर त्यांची नावंही नाहीत, नुसता आकडा.

एका माणसाचं केलं तरी भांडंभर झालं,
हिशेब कुठेतरी चुकला असणार.
वाटी घेऊन समोरच्या कुंदा पेडणेकरांकडे गेले.
त्यांनी वास घेतला, माझ्याकडे पाहिलं,
पुन्हा वास घेतला.
हे काय हो?
ट्रायफल, म्हटलं.
बाईचं नाव आहे.