खाल्ल्या मिठाला

सकाळी एक, रात्री दीड.
गोळी पांढरी, जिभेला किंचित खारट,
तिच्यामागे दोन पेले पाणी.

आमच्या पेइने गावाखाली
नजर थकेल तिथवर मीठच मीठ आहे.
जमिनीच्या पोटातलं खारं पाणी उपसून
हौदांत वाळत घालतात.
आधी निळं, मग हिरवं, मग पिवळं, सायीसारखं जड.
वर्ष-दीड वर्ष ऊन खातं, तेव्हा कुठे त्यातून लिथियम निघतं.
माझा भाऊ नोल्बेर्तो त्या हौदांची खोली मोजतो.
मी माझी.

कालामाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
हेही एक मीठच आहे, एर्मेलिंदा.
घरी येऊन भावाला विचारलं,
माझी गोळी तुझ्या कुठल्या हौदातली?
तो म्हणाला, आमचं सगळं जहाजात बसून जातं.
तुझ्यापर्यंत आलंच असेल
तर जगाला वळसा घालून आलं असेल.

त्याच्या आधीचं सांगते.
त्या ऑगस्टात नऊ रात्री डोळ्याला डोळा नाही,
आणि थकवा नावालाही नाही.
शेजारच्या सात लामांची लोकर मी
ऐन थंडीत, चांदण्यात, न विचारता कातरली.
सकाळी ती जनावरं भिंतीला चिकटून कुडकुडत होती.
बेचाळीस मीटर निळं कापड उधार आणलं,
तळ्याच्या मापाचा पडदा शिवायला.
पहाटे तीनला पाद्रीबुवांचं दार वाजवलं,
कालवा कुठे वळवायचा ते मला दिसलंय म्हणून.
आणि दिसलंच होतं.
हे मात्र कुणी कागदावर लिहून घेत नाही.
फ्लेमिंगो उडाले तेव्हा
प्रत्येकाच्या पंखातला गुलाबी
मला वेगळा ऐकू येत होता.

मग चमचा जड झाला.
अकरा दिवस केसांत फणी नाही.
लसूणघासाला पाणी द्यायची माझी पाळी
दोनदा आली, दोनदा गेली.
वाफ्याशेजारून पाणी निघून जाताना
मी भिंतीकडे तोंड करून ऐकत पडले होते.

आता बरं आहे. म्हणजे,
मी मोठ्याने हसले की वहिनी रेडिओ बारीक करते.
दुधाने तोंड पोळलेलं घर आहे,
माझं हसणंही फुंकून पितं.
काल मी हसले ते फक्त गाढवाला,
त्याने नोल्बेर्तोची टोपी खाल्ली म्हणून.
तरी वहिनीने विचारलंच : झोपलीस ना रात्री?

फ्रीजवर करार चिकटवलाय, माझ्याच अक्षरात :
तीन रात्री झोपले नाही तर गाडीची किल्ली काढून घे.
मी रडेन. तरी घे.
हे मी शुद्धीत लिहिलं नव्हतं असं म्हणेन.
तरी घे.

दर तीन महिन्यांनी कालामाला रक्त.
शून्य पूर्णांक सात आलं की
येताना बसस्टँडवर एक एम्पानादा खाते.
हात थोडे थरथरतात, विणताना टाका सुटतो.
आणि तहान.

तहान इथल्या जमिनीलाही लागलीय.
गावात सभा भरते, फलक रंगवतात :
आमचं पाणी आम्हाला परत द्या.
मीही रंगवते, अक्षर बरं आहे माझं.
मग घरी येऊन त्याच हाताने गोळी घेते.
हाताला विचारलं तर तो नुसता थरथरतो.

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
मी खाल्ल्या मिठाला झोपते.
साडेदहाला दिवा बंद,
बाहेर तारे कितीही बोलावोत.
आणि बोलावतात, खोटं कशाला सांगू.

कापडाची उधारी गेल्या वर्षी फिटली.
पडदे झाले, दानित्साचा झगा झाला,
एकोणीस मीटर अजून पेटीत आहे.
कधी कधी उघडते, हात फिरवते.
आत्या, याचं काय शिवायचं, दानित्सा विचारते.
अजून ठरलं नाही, म्हणते मी,
आणि घडी पुन्हा घडीवर ठेवते.