ठिपका

चाचणीत माझं उत्तर आलं
एकशे एकोणसाठ पूर्णांक पाच.
तांबं साडेत्रेसष्ट, गंधक बत्तीस,
ऑक्सिजन चार, सोळा चोक चौसष्ट.
बेरीज तीनदा तपासली होती,
हातचाही विसरले नव्हते.
मोहियोद्दीन सरांनी वही परत दिली,
खाली लाल पेनानं एवढंच:
'पाणी कुठंय?'

त्या वर्षी पोळा झाला तरी
घनसावंगीत टँकर चालूच होता.
हा प्रश्न कुणीही कुणाला विचारायचं,
एसटीच्या खिडकीतूनसुद्धा.
मला वाटलं, सरांनी घरचंच काही
चुकून लिहिलं माझ्या वहीत.

मोरचुदाच्या सूत्रात मधोमध एक ठिपका असतो.
मी तो छपाईचा डाग समजले.
निशिगंधा समजली दशांशचिन्ह.
मागच्या बाकावरच्या अंगदनं सरळ गुणाकार केला,
आणि त्याचं उत्तर फळ्यावर मावेना.
सर म्हणाले, गुणाकार नाही बेटा, हा शेजार आहे.
अलीकडं मीठ, पलीकडं पाण्याची पाच घरं.
एका घराचे अठरा. पाचांचे?
अठरा पंचे नव्वद, वर्ग ओरडला.
दोनशे एकोणपन्नास पूर्णांक पाच.
ते म्हणाले, आता बघा, खोटं नाही सांगत.

पंखा बंद. काट्याजवळ श्वाससुद्धा जपून.
अडीच ग्रॅम निळे खडे
स्पिरिटच्या दिव्यावर.
निळा रंग कडेकडेनं सुटत गेला,
जसा जुन्या लुगड्याचा.
नळीच्या गार तोंडाशी
थेंब.
कुणी काही बोललं नाही.
मग अंगद, हळूच: सर, हे खरंच पाणी हाय का हो?
उरलेली पांढरी भुकटी तोलली,
एक पूर्णांक सहा.
सरांनी तिच्यावर पिपेटनं एक थेंब सोडला
आणि ती पुन्हा निळी झाली.
मी वहीत तो ठिपका
इतका दाबून काढला
की मागच्या पानावर उमटला.

आता तीर्थपुरीच्या रस्त्याला आमचं कृषी केंद्र आहे.
मोसंबीला डिंक्या लागला की
लोक मोरचूद न्यायला येतात.
परवा काशिनाथबप्पा आले, किलोभर घेतलं.
काट्यावर निळा ढीग बघताना
माझ्या तोंडून निघून गेलं,
बप्पा, यात तीनशे साठ ग्रॅम पाणी आहे.
ते माझ्याकडं बघत राहिले.
ढिगाकडं, पुन्हा माझ्याकडं.
काहून? हे तर कोरडं ठण्ण हाय.
आन् असलंच पाणी,
तर त्याचे बी पैसे लावता का आमाला?

काय सांगणार.
पाणी निराळं काढावं
तर निळं उरत नाही,
आणि त्या ठिपक्याचा भाव
कुठल्याच पावतीवर छापलेला नाही.
पिशवीला गाठ मारली.
चुना वेगळा बांधून दिला.
म्हणाले, लोखंडी घमेल्यात कालवू नका बप्पा,
प्लॅस्टिकचं टिपाड घ्या.