रुवीतले डोंगर

कुलूप लावून दोनदा ओढून पाहते.
लिफ्टमध्ये कुणी असलं तर जिना.
एसीच्या घरघरीत कधी माझं नाव असतं, अर्धवट;
कॉम्प्रेसर थांबला की तेही थांबतं.

डॉक्टर म्हणाले, या आजाराचा एकच दाणा नसतो,
हजारो असतात, तिळाएवढे,
घराघरांत सांडलेले.

नलूमावशी रेडिओला उत्तरं द्यायची.
शेवटी रेडिओच विकला, तरी द्यायची.
तिच्या आधी कुणी नुसतं रात्र रात्र जागलं असेल,
कुणी चुलीतल्या कोळशानं भिंतभर घोडे काढले असतील.

आज गच्चीवरून
उघडे डोंगर बघत शाल्मली म्हणाली,
"आई, हे बसलेत ना, उठायच्या बेतात आहेत."
मी तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.
मग डोंगरांकडे.

एकानं खरंच गुडघा वर घेतला होता.