काटा

छत्तीस वर्षं आम्ही एकाच गादीवर झोपलो,
पण पाळीपाळीनं.
मी सीपीआरमधली नाईट संपवून यायचो
तेव्हा मालक डबा हँडलला अडकवून
फौंड्रीच्या पहिल्या शिफ्टला निघालेले.
उंबऱ्यात गाठ.
"दूध तापवलंय."
"पोराची फी भरा आज."
गादी अजून कोमट असायची,
तेवढ्या उबेवर मी त्यांना ओळखत होतो.

(यायचो, ओळखत होतो... पुण्याची सून हसते ह्याला.
हसू दे. इथल्या बाया जन्मभर येतो-जातोच म्हणतात.)

मग एकाच साली दोघांच्या हातात नारळ.
पहिल्या महिन्यात कळलं
दुपार नावाची वस्तू किती लांबडी असते,
आणि मालकांना वांगं मुळातच आवडत नाही;
छत्तीस वर्षं डब्यातलं गपगुमान खाल्लेलं.

उद्यमनगरात एक कारखाना मोडीत निघाला.
तिथनं जुना लेथ उचलला, टेम्पोत घालून,
माझ्या ग्रॅच्युइटीतनं.
"सोऱ्याच्या चकत्या करूया," मालक म्हणाले,
"पितळी. पत्र्याच्या दोन दिवाळ्यांत वाकतात."
इंजिनाच्या भागांत हयात गेलेला माणूस
चकलीच्या चांदणीवर आला.

पहिल्या बारा चकत्या आरशागत.
मी भाजणी भिजवली, मळली, दाबली.
चकली पडली गुळगुळीत,
सलाईनच्या नळीगत.
"काटा कुठाय?"
"मापात हाय," म्हणाले, आणि ड्रॉइंग पुढं केलं.
मी म्हणालो, ड्रॉइंग तळून खावा मग.

दोन दिवस अबोला. लेथ तेवढा बोलत होता.
तिसऱ्या दिवशी त्यांना हाताला धरून
पाटावर बसवलं,
सोऱ्या दिला, म्हणालो, दाबा.
अर्धी चकली होईतो कपाळावर घाम.
काही बोलले नाहीत.
सोऱ्या उलटा करून चांदणीतनं बघत बसले,
आत कुणी राहत असल्यागत.
मग त्रिकोणी कानस घेऊन शेडमध्ये गेले.

आता मापाला माझ्या इंजेक्शनच्या सुया आहेत.
चांदणीच्या टोकात बावीस नंबरची शिरली पाहिजे,
वीस नंबरची अडली पाहिजे,
नाहीतर माल परत.
संध्याकाळी त्यांच्या बोटात रुतलेला पितळेचा कीस
मी चिमट्यानं काढतो.
"दुखतंय?"
"न्हाई."
दुखत असतं.
हे विचारायला मला आजवर
दुसऱ्यांचीच माणसं मिळाली.

पापाच्या तिकटीचा भांडीवाला चाळीस घेऊन गेला,
सहा परत आल्या. पैसे अजून यायचेत.
बँकेत साहेबानं विचारलं, "मालक कोण?"
मी सवयीनं ह्यांच्याकडं बोट केलं.
ह्यांनी माझ्याकडं.
"हिचं लिवा. शालन केरबा लोहार."
तेव्हापासनं मालक म्हणताना
जीभ जरा अडखळते,
आणि दुसरं काही सुचत नाही.

पोरगा फोनवर म्हणतो, आता आराम करा.
बरं म्हणतो.
रात्री दोनला दोघांनाही अजून जाग येते,
मला वॉर्डातल्या राऊंडची, त्यांना भट्टीची.
आधी आपापल्या कुशीला पडून
झोपेचं सोंग घ्यायचो.
आता ते उठून शेडचा दिवा लावतात,
मी चहा टाकतो,
खोक्यातल्या चकत्या मोजतो, सव्वीस, सत्तावीस,
आणि लांब शिरोलीकडं कुठला तरी भोंगा होतो.
दोघंही एकदम घड्याळाकडं बघतो.
शिफ्ट सुटली की लागली, कळत नाही.
बस की गं, म्हणतात, चहा निवतोय.